भुसा, तूस आणि चुना : गादीविषयीच्या आक्षेपांना उत्तर

कोंबड्यांच्या शेडमध्ये जमिनीवर अंथरायच्या गादीविषयी, म्हणजे भुसा, तूस अशा कोरड्या वस्तूंच्या थराविषयी, मी लिहिलेल्या लेखावरील आपल्या सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. आपले म्हणणे थोडक्यात असे, की आरा गिरणीत फुकट मिळणारा लाकडाचा भुसा बाजूला सारून मी पिल्लांसाठी भाताचे तूस विकत घ्यायला सांगतो, गादी महिनोन्‌महिने न काढण्याचा सल्ला देऊन कोंबड्यांना घाणीत ठेवतो, आणि वासावर चुना भुरभुरण्याचा सोपा उपाय मात्र सांगत नाही.

भुसा मी सरसकट नाकारलेला नाही. माझा विरोध आहे तो पहिल्या आठवड्यात बारीक भुसा वापरण्याला. नुकतेच जन्मलेले पिल्लू दिसेल त्यावर चोच मारते, त्याला मक्याचा भरडा आणि भुसा यांतला फरक कळत नाही, आणि पोटात साठलेल्या भुशामुळे त्याचे खाणे कमी होते. शिवाय गिरणीतला भुसा बहुधा ओल्या लाकडाचा असतो. तो ढिगात पडून राहिला की त्यात बुरशी धरते, आणि तिचे बीजाणू श्वासातून आत गेले की पिल्ले चोच उघडून धापा टाकू लागतात. या आजारावर परिणामकारक औषधोपचार जवळजवळ नाही. रंधा मारताना निघणारी जाडसर सालपटे मिळत असतील, तर ती तुसापेक्षाही ओल जास्त शोषतात आणि पिल्लांनाही चालतात. मात्र ती प्लायवूडची किंवा रसायन लावलेल्या लाकडाची नसावीत. तुसाचा गुण एवढाच, की ते मोकळे राहते आणि खालीवर केले की लवकर सुकते. भंडारा-गोंदियाकडे किंवा कोकणात ते सहज मिळते. जिथे भात पिकत नाही तिथे गाडीभाडे भरून ते आणण्यात काही शहाणपण नाही, तिथे बुरशी न धरलेली शेंगांची टरफले वापरावीत. गुळगुळीत वर्तमानपत्र एकटेच अंथरू नये, कारण त्यावरून घसरून पिल्लांचे पाय कायमचे फाकू शकतात.

गादीच्या आक्षेपात तथ्य आहे, पण ते ओल्या गादीपुरते. ब्रूडरमध्ये (पिल्लांना ऊब देण्याच्या जागेत) सुमारे ५ सेंमी आणि अंड्यावरच्या कोंबड्यांखाली हळूहळू १५ सेंमीपर्यंत वाढवलेली गादी नियमित हलवली, तर विष्ठा तिच्यात मिसळून कुजत राहते. ओलावा २० ते ३० टक्क्यांच्या दरम्यान असावा. मूठभर गादी आवळून सोडावी : गोळा तसाच राहिला तर ती ओली, जराही चिकटली नाही तर धुळीइतकी कोरडी, आणि किंचित चिकटून लगेच विस्कटली तर योग्य समजावी. पाण्याच्या भांड्याभोवती धरलेली ढेप मात्र त्याच दिवशी काढावी, कारण रक्ती हगवणीचे जंतू उबदार ओलीत दोनेक दिवसांत रोग पसरवण्याजोगे होतात. पिल्लांच्या नव्या तुकडीला नेहमी नवीच गादी द्यावी, हे मी मूळ लेखातही लिहिले होते.

चुन्याबद्दल मात्र आपल्याशी सहमत होणे शक्य नाही. कोंबडीच्या विष्ठेतले युरिक आम्ल जिवाणू फोडतात आणि त्यातून अमोनिया तयार होतो. गादी आम्लधर्मी असेल तर त्याचा बराचसा भाग क्षाररूपात अडकून राहतो. ती अल्कधर्मी झाली की तोच वायू होऊन बाहेर पडतो. चुना अल्कधर्मी आहे. म्हणजे कोंबड्या आत असताना तो ओल्या गादीवर टाकला, तर ओल थोडी शोषली जाते खरी, पण अमोनिया दाबला न जाता उलट मोकळा होतो, आणि चुन्याची धूळ डोळ्यांना व पायांना झोंबते ती वेगळीच. रिकामी शेड धुऊन चुना मारणे योग्य. भरल्या शेडमध्ये चुना नको. गादीतच काही मिसळायचे असेल, तर आम्लधर्मी असल्याने सुपरफॉस्फेट खत त्या मानाने बरे.

वास नाही असे ठरवण्यापूर्वी एकदा कोंबडीच्या उंचीवर वाकून श्वास घ्यावा. हवेत दशलक्षात २५ भागांच्या पुढे अमोनिया गेला, की पक्ष्यांच्या डोळ्यांना आणि श्वासमार्गाला इजा होऊ लागते. रोज शेडमध्ये वावरणाऱ्याचे नाक मात्र सरावलेले असते. अशा वेळी गादी बदलण्याआधी शेडच्या बाजूंचे पडदे पाहावेत. पावसाळ्यात झड अडवण्यासाठी ते वरपर्यंत बंद केले जातात आणि आतली दमट हवा कोंडते. झड येते त्या बाजूचा पडदा वरची हातभर फट सोडून बांधावा, दुसरी बाजू उघडी ठेवावी, आणि ब्रूडरमधल्या पिल्लांना थेट वारा लागू नये म्हणून चिकगार्ड (पिल्लांभोवतीचे गोल कुंपण) पुरेसे उंच घ्यावे.