बिटरेट गवतात जातो

चेतन गेम खेळतानाचे व्हिडिओ साइटवर टाकतो. त्याचं म्हणणं एवढंच होतं, की साइट लहान चॅनेलवाल्यांचा मुद्दाम घात करते. "खेळताना काचसारखं दिसस भो, आन् टाकलं का निस्ता चिखल!" देवपूरच्या आमच्या कट्ट्यावर त्यानं पुरावा म्हणून फोन फिरवला. बीजीएमआय हा मोबाइलवरचा गोळीबाराचा गेम, त्यातला एरँगेलचा नकाशा, हा गडी गवतातून पळतोय आणि गवताचा हिरवा गाळ झालाय.

भटूभाऊ सीसीटीव्ही बसवतात. त्यांनी फोन डोळ्यांजवळ धरला. "कोपऱ्यातला छोटा नकाशा कसा दिसस?"

"साफ."

"गोळ्यांचा आकडा?"

"तोबी साफ."

"मग साइटचं काय फक्त तुना गवताशीच वैर शे का?"

मग त्यांनी हिशेबच मांडला. १९२० गुणिले १०८०, म्हणजे वीस लाखांवर ठिपके. प्रत्येकाला तीन बाइट आणि सेकंदाला ६० फ्रेम. झाले सेकंदाला सुमारे ३७३ एमबी. चेतनचा रोजचा दीड जीबीचा पॅक चार सेकंदांत खलास. आणि लाइव्ह खेळणारे ट्विच या साइटवर याच आकाराच्या चित्राला ६००० केबीपीएस बिटरेट लावतात, म्हणजे सेकंदाला साठ लाख बिट. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे हा पाचशेतला जेमतेम एक भाग. बाकीचे ४९९ कुठं गेले, हा खरा प्रश्न.

ते जातात ते एका पैजेवर. पुढची फ्रेम मागच्या फ्रेमसारखीच असणार, अशी एन्कोडर, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करणारा प्रोग्राम, पैज लावतो. असं दाबण्याच्या पद्धतीला कोडेक म्हणतात. त्यातलं २००३ सालचं एच.२६४ चित्राचे १६ बाय १६ ठिपक्यांचे चौकोन पाडतं आणि हा चौकोन आधी कुठं होता ते शोधतं. सापडला, तर 'तिकडून इकडे सरकला' एवढंच लिहून मोकळं. कोपऱ्यातली आकड्यांची पट्टी जागची हलत नाही, तिला जवळजवळ फुकटात भागतं. गवताचं पातं न् पातं मात्र आपापल्या मर्जीनं डुलतं, त्यात प्रत्येक गोळीला कॅमेऱ्याला हिसका. जुळणारा चौकोन सापडतच नाही, नवीन काढावा लागतो, आणि खिशात बिट नसतात. मग बारीक तपशील आधी टाकून द्यायचे.

बारीक काय आणि ठळक काय, हे वेगळं करण्याचं गणित नासिर अहमद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ साली छापलं. अहमद मूळचे बंगळुरूचे. जेपीईजी फोटो त्याच गणितावर चालतो, एच.२६४ त्याचंच सोपं रूप वापरतं. हे मी सांगितलं तेव्हा चेतन म्हणाला, "म्हणजे खापर फोडायलाबी आपलाच माणूस!"

भटूभाऊंचा धंद्यातला दाखला मला जास्त पटला. गोडाऊनच्या बंद शटरकडे तोंड करून लावलेला कॅमेरा हार्डडिस्कवर दिवसचे दिवस मावतो. तोच कॅमेरा शेतात, निंबाच्या झाडाकडे तोंड करून लावला, की आषाढातल्या वाऱ्यात डिस्क भराभर भरते, आणि बिटरेटला लगाम घातला असेल तर चित्र फुटतं. गिऱ्हाईक येऊन भांडतं, कॅमेरा डुप्लिकेट दिला म्हणून.

वाल्मीक लग्नाचे व्हिडिओ काढतो. तो इतका वेळ गप्प होता. "मग मना वरातीत लोक काय पुतळ्यासारखे उभे ऱ्हातस का? तठे तर फुटत नही."

याचं उत्तर द्यायला भटूभाऊंनाही थोडा वेळ लागला. कॅमेऱ्यात नाचणारा हात पुसट येतो, आणि पुसट चित्र स्वस्तात मावतं. गेमची फ्रेम न् फ्रेम धारदार, कडा न् कडा टोकदार, आणि वर सेकंदाला ६०. वाल्मीकनं मान डोलावली आणि स्वतःच भर घातली, की अक्षता पडायला लागल्या आणि त्यात डीजेचे लाइट फिरले, की त्याच्याकडेही नवरीचा चेहरा चौकोनी होतो. अक्षता काय आणि गेममधल्या विकेंडीच्या नकाशावरचा बर्फ काय, एन्कोडरच्या लेखी सारखंच.

चेतनचा तोडगा मात्र सगळ्या गेमवाल्यांचा असतो तोच. १०८०पीचं रेकॉर्डिंग ताणून १४४०पी करायचं आणि मग टाकायचं. भटूभाऊ भडकले. "ताणल्यानं नवा ठिपका येस का कुठून?" येत नाही, खरं आहे. पण मोठ्या आकाराला साइट जास्त बिटरेट देते आणि बऱ्याचदा व्हीपी९ सारखा नवा कोडेक लावते, म्हणून गवत थोडं तरी गवतासारखं राहतं. ही लबाडी मला मान्य आहे. फक्त पाहणारा शिरपूरच्या एसटीत ४८०पीवर बघत असेल, तर ती कुणाला दिसणार, हे चेतननं एकदा ठरवावं.

चेतनचा संशयही अगदी हवेतला नव्हता. कोडेक जितका नवा, तितकं त्यात व्हिडिओ बसवायला यंत्र जास्त राबतं. २०१८ साली आलेला एव्ही१ तर भलताच वेळखाऊ. मग ती मेहनत साहजिकच हजारो लोक बघणार असतील तिथं आधी खर्च होते. त्याला वैर म्हणता येत नाही, पण लहान चॅनेलला झळ बसते ती बसतेच.

व्हिडिओत लाल अक्षरं फिसकटतात, ही चेतनची आणखी एक तक्रार, ती वेगळी. उजेडाची नोंद ठिपक्यागणिक होते, रंगाची चार ठिपक्यांत मिळून एकदा. त्याला ना चेतन काही करू शकत, ना भटूभाऊ.

"मग नवा मोबाइल घेऊ का नको?" चेतनचा मूळ मुद्दा हा होता, आमच्या तेव्हा लक्षात आलं.

भटूभाऊ म्हणाले, "पैसा ठेव खिशात. ग्राफिक्स एचडीआरवरून स्मूथवर आण, रेकॉर्डरचा बिटरेट वाढव."

"नही तर मिरामारवर खेळ," वाल्मीक म्हणाला. "निस्तं वाळवंट. गवतच नही."

"मिरामारवर लपू कुठं भो? दोन मिनिटांत मरस मी तठे."

"मर ना. पण साफ दिसशील."