सरळ लिहा ना, डॉक्टर!

औषधाच्या चिठ्ठीवर बीडी (दिवसातून दोनदा), टीडीएस (तीनदा), एचएस (झोपताना), एसी (जेवणाआधी), पीसी (जेवणानंतर). औषध घ्यायचं पेशंटनं आणि सूचना लॅटिनमधल्या! का? 'दिवसातून दोनदा, जेवणानंतर' लिहायला असा किती वेळ लागतो? ओडी म्हणजे कधी दिवसातून एकदा, कधी उजवा डोळा. मग डोळ्यांच्या थेंबांच्या चिठ्ठीवर काय समजायचं? क्यूडी म्हणजे रोज एकदा, क्यूआयडी म्हणजे चारदा; क्यू.डी. लिहिताना क्यूनंतरचं टिंब घाईत आयसारखं दिसलं की डोस चौपट! इन्सुलिनच्या १० पुढचा यू (म्हणजे युनिट) शून्य वाटला तर थेट १०० युनिट. जीव जाईल माणसाचा! अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशननं यू आणि क्यूडी २००४ मध्येच 'वापरू नका' यादीत टाकले. तरी सवय सुटत नाही ती नाहीच. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसानं रात्री अकराला ती चिठ्ठी कुणाकडून वाचून घ्यायची?