लठ्ठ पेशंट एका भेटीत कसा निकालात काढावा

नागपुरात, डॉक्टरांच्या धंतोलीत नवा दवाखाना टाकताय? अभिनंदन. पेशंटला गाडी लावायला जागा मिळणार नाहीच. आत आल्यावर बसायलाही मिळू नये, याची सोय तुमच्या हातात आहे. सगळ्या खुर्च्या हातांच्या आणि अरुंद घ्या. वजनकाटा रिसेप्शनला खेटून ठेवा आणि आकडा ओरडून सांगणारा कंपाउंडर नेमा. "काकू, एकशे चार! बाप्पा!" यातलं 'बाप्पा' त्याला शिकवावं लागणार नाही, इथलाच असेल.

रक्तदाबाचा पट्टा मात्र एकच, नेहमीच्या मापाचा. तो साधारण 34 सेंटिमीटर घेराच्या दंडापर्यंतच धड बसतो. आतली रबरी पिशवी दंडाच्या घेराच्या 80 टक्के तरी लांब हवी, असं पुस्तकात आहे. मोठा पट्टा बाजारात मिळतोही. घेऊ नका. 42 सेंटिमीटरच्या दंडावर लहान पट्टा आवळला की धमनी दाबायला जास्त हवा भरावी लागते आणि आकडा फुगतो. 2023 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, ज्यांना सर्वांत मोठा पट्टा लागायचा त्यांचा वरचा रक्तदाब नेहमीच्या पट्ट्याने सरासरी 20ने जास्त भरला. म्हणजे 126चे 146. लगेच गोळी सुरू करा. मग मे महिन्यात, 45 अंशांच्या उन्हात, काकू घेरी येऊन पडल्या तर कारण तयारच आहे: वजन.

तक्रार पूर्ण ऐकायची गरज नाही. गुडघा? वजन. दम लागतो? वजन, उगाच हिमोग्लोबिन तपासाल आणि 7 निघालं तर पंचाईत. पोट हाताने तपासून नीट कळत नाही, हे खरंय. त्यासाठीच सोनोग्राफी असते, पण तुम्ही 'चरबी' लिहून मोकळे व्हा. बीजकोशातली गाठ कुठे पळून जाते? वाढते फक्त.

जुनी फाइल तर उघडूच नका. स्टेरॉइड, फिटसाठी व्हॅल्प्रोएट, मानसिक आजारासाठी ओलान्झापिन, साखरेसाठी ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन असलं काही सापडायचं. ही सगळी वजन वाढवू शकतात, आणि त्यातली एखादी चिठ्ठी तुमच्याच सरांची असायची.

आता सल्ला. "वजनाबद्दल बोललं तर चालेल का?" असं विचारणं म्हणजे वेळेचा अपव्यय. थेट सांगा, "सावजी बंद करा." पेशंट जुन्या महाल भागातली, कांदासुद्धा न खाणारी आजी असली तरी चालतं. "रोज अंबाझरी तलावाला चकरा मारा," हे गुडघ्यासाठी आलेल्यांना आवर्जून सांगा. किती वजन, किती महिन्यांत, ते गुलदस्त्यात ठेवा. 5 ते 10 टक्के उतरलं तरी साखर आणि रक्तदाब सुधारतात, हे कळलं तर 104 किलोच्या काकू म्हणतील, "मग पाच किलोपासून सुरू करते." त्यांना 60चंच स्वप्न दाखवा. वजन उतरलं की पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन घटतं, भूक लावणारं घ्रेलिन वाढतं, भूक खवळते आणि शरीर ऊर्जाही कमी खर्च करतं. तेव्हा उतरलेलं परत चढलं की म्हणा, "मनावर घेत नाही तुम्ही."

दोन-तीन भेटींत काकू यायच्या बंद होतील. फाइलवर 'सहकार्य करत नाही' एवढं लिहा आणि 4 मार्चच्या जागतिक लठ्ठपणा दिनासाठी मोफत शिबिराचा बॅनर छापायला टाका. फोटोत गळ्याखालचं पोट तेवढं घ्या. चेहरा आला तर कुणाची तरी काकू निघायची.