"हे असलं आपल्याकडे नसतं" म्हणणाऱ्या काकांना

सकाळी सकाळी डोकं फिरलंय, म्हणून लिहितोय. लांबलंय, ज्याला वेळ असेल त्यानं वाचा.

काल रात्री 'द क्लिअरिंग' संपवली. 2023 ची ऑस्ट्रेलियन मालिका, आठ भाग. फ्रेया नावाची एक बाई, एका पंथात वाढलेली. आता स्वतःचं लेकरू वाढवतेय, पण दाराला कुलूप लागलं का हे तीनतीनदा बघते. रात्री दीड वाजता घरच्या ग्रुपवर लिहिलं, "बघा सगळ्यांनी." सकाळी आमच्या एका काकांचा मेसेज: "कशाला असलं विकृत बघतो? हे त्या लोकांकडेच होतं. आपल्याकडे संस्कार असतात." खाली चार जणांचे हात जोडलेले.

संस्कार. बरं.

काका, तुम्ही त्या आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आमच्याच घरी होतात. ओट्यावर बसून आमरस-मांडे खात होतात. आठवतंय का? मला आठवतंय.

मी सहावीत होतो. आत्या आखाजीला माहेरी आली होती, सोबत माझी आतेबहीण, नऊ वर्षांची. आत्या आणि फुवा एका महाराजांच्या नादी लागलेले. नाव घेत नाही, बोर्ड अजून आहेत रस्त्यावर. पोरगी वर्षभर तिकडेच आश्रमात, सुटीपुरती बाहेर. अंगणात निंबाला झोका बांधलेला, गल्लीतल्या पोरी गाणी म्हणत होत्या. ही खाली उभी. मी म्हटलं, बस. तर विचारते, "दादा, बसू का?" बसली. दोन झोके उंच गेले आणि खळखळून हसली. मग एकदम तोंडावर हात.

त्या रात्री मी तिची वही चोरून वाचली. शंभर पानी, पुठ्ठा मेणबत्तीनं चिकटवलेला. रोजच्या चुका लिहायची वही. त्या दिवसाच्या पानावर होतं: "झोका खेळले. मोठ्याने हसले. रस दोनदा घेतला."

ते मी दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचून दाखवलं. सगळे हसले. तुम्हीही हसलात काका. फक्त आजी नाही हसली. "अवं माय, हासनी तं काय पाप व्हयनं का?" एवढंच म्हणाली आणि तिच्या वाटीत अजून रस ओतला.

आता त्या मालिकेबद्दल, कारण ती हवेतून आलेली नाही. ती 'द फॅमिली' नावाच्या खऱ्या पंथावरून सुचलेली आहे. मेलबर्नची ॲन हॅमिल्टन-बर्न, योग शिकवणारी बाई. पंथ उभारण्यात तिचा साथीदार कोण, तर रेनर जॉन्सन, भौतिकशास्त्रज्ञ, मेलबर्न विद्यापीठातल्या क्वीन्स कॉलेजचा प्रमुख. भोवती डॉक्टर, नर्सा. अडाणी माणसं नव्हेत काका! शिकलेल्यांनीच कागद रंगवून परक्यांची मुलं तिच्या पदरात टाकली. मुलांचे केस एकसारखे सोनेरी रंगवले, कपडे एकसारखे, उपाशी ठेवलं, मारलं. आणि हीच तुमची आई म्हणून शिकवलं. ऑगस्ट 1987 मध्ये आयल्डन तलावाकाठच्या घरावर पोलिसांनी धाड घातली तेव्हा मुलं बाहेर आली.

आणि शिक्षा? तीन वेगवेगळ्या मुलांना तिळं म्हणून खोटं नोंदवलं, एवढ्याबद्दल तिला आणि नवऱ्याला प्रत्येकी 5,000 डॉलर दंड. बस्स. बाई 2019 साली, सत्त्याण्णवाव्या वर्षी गेली. हे वाचलं तेव्हा मी फोन पलंगावर आपटला.

आपल्याकडे तरी काय मोठं आहे! 2013 साली डॉ. दाभोलकरांचा खून झाला तेव्हा कुठे सरकार हललं आणि जादूटोणाविरोधी कायदा आला. चांगलाच आहे. पण नऊ वर्षांच्या पोरीकडून "मोठ्याने हसले" लिहून घेणं कोणत्या कलमात बसवणार? तिला कोणी चटके दिले नाहीत, उलटं टांगलं नाही. नुसती वही दिली.

हो, फुवांची दारू तिथं गेल्यावर सुटली. खरं आहे, नाकारत नाही. आत्याला पडणारा मार थांबला. पण त्याची किंमत आत्यानं नाही दिली, फुवांनीही नाही.

आणि देवाधर्माच्या विरोधात बोलतोय असं कोणी समजू नका. आमचे आजोबा मुक्ताईच्या पालखीबरोबर पंढरपूरला पायी जायचे. जाताना कोणाला विचारायचे नाहीत, परत आले की कोणी हिशोब मागायचं नाही. पोरं इतरांच्या हाती सोपवायचीच तर अमळनेरकरांनो, साने गुरुजींनी याच गावात छात्रालय सांभाळलंय. पोरांसाठी स्वतःच्या हातानं दैनिक लिहून काढायचे. तेही लिहिणंच होतं. जाऊ दे, विषय कुठे चालला.

मालिका थोडी रेंगाळते, मागेपुढे इतकी उड्या मारते की दोनदा मी हरवलो. मिरांडा ओट्टो ती 'आई' झालीय, तिचं गोड बोलणं ऐकून पोटात गोळा येतो. पण एक गोष्ट त्यांनी अशी पकडलीय की बस. फाटक उघडलं म्हणजे पोरगी बाहेर आली असं होत नाही.

आमची एकोणिसाव्या वर्षी बाहेर पडली. आता सुरतला असते, दोन मुलं, शिवणाचं काम जोरात. मागच्या महिन्यात आली होती. फ्रीजसमोर उभी राहून बाटलीला हात लावायच्या आधी बायकोला म्हणाली, "वहिनी, घेऊ का?" वय चव्वेचाळीस.

त्या वहीचं एक राहिलं, ते आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. मी वाचून दाखवलं त्या रात्री परत बघितली. वाटलं, माझं नाव लिहिलं असेल, दादानं चोरली म्हणून. तसं नव्हतं. लिहिलं होतं: "वही नीट लपवली नाही."

काका, ग्रुपमधून काढायचं तर काढा.

हे लिहिता लिहिता तिला फोन केला. मालिका बघ म्हणालो नाही, कशाला. म्हटलं, यंदा आखाजीला ये, पोरांना घेऊन. म्हणाली, "निंब आहे का रे अजून?" निंब तर रस्ता रुंद करताना गेला. पोर्चच्या स्लॅबला कडी आहे, तिला दोर बांधतो म्हटलं. ती म्हणाली, "मजबूत आहे ना? मी आता जाड झालेय," आणि हसली.