फुकट म्हणे!

"जर्मनीत शिक्षण फुकट असतं ना गं?" पुढच्या लग्नात पंगतीला बसल्यावर कुणी हे विचारलं, तर आमटीची वाटी त्यांच्या सदऱ्यावर सांडणार आहे मी. चुकून, अर्थात.

फुकट! तिकडे शिकायला अर्ज करायचा, तर आधी आपली पदवी खरी आहे हे सांगणाऱ्या एपीएस प्रमाणपत्राचे १८,००० रुपये. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचे वेगळे, आणि तो निकाल दोनच वर्षं चालतो. त्यानंतर मी इंग्रजी विसरले असं धरतात बहुतेक. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीकच पैसे काढता येतात अशा खात्यात, ११,९०४ युरो आधीच भरून दाखवायचे. बाबांना मी हा आकडा युरोतच सांगितला. रुपयांत सांगायची हिंमत झाली नाही.

"मग स्कॉलरशिप घे की!" घेते ना, झाडालाच लागल्यात. ब्रिटनच्या चेवनिंग स्कॉलरशिपला दोन वर्षांचा नोकरीचा अनुभव हवा. जर्मनीची स्कॉलरशिप देणाऱ्या डाडच्या विकासविषयक अभ्यासक्रमांनाही तेच. मी परवा बीएस्सी झाले, अनुभव काय बालवाडीपासून धरू? युरोपियन युनियनची इरॅस्मस मुंडुस महिना १,४०० युरो देते, पण तिथे अख्खं जग रांगेत उभं आहे.

मार्कांचं तर विचारूच नका. आपले टक्के जर्मन गुणांत बदलणारं ते बव्हेरियन सूत्र: शंभरातून आपले टक्के वजा करा, तिनाने गुणा, साठाने भागा, एक मिळवा. तिकडे १ म्हणजे उत्तम, ४ म्हणजे काठावर पास. बऱ्याच ठिकाणी २.५ ची अट, म्हणजे आपले ७०. मला ७१. प्रॅक्टिकलला एक्सटर्नलने माझ्या ब्युरेटकडे बघून आणखी जरा नाक मुरडलं असतं, तर मी घरीच.

आणि नाव! गुणपत्रिकेवर आडनाव आधी, शेवटी आईचं नाव. पासपोर्टवर आईचं नाव पहिल्या पानावर नाहीच. दोन्ही कागदांवरची बाई मी एकच आहे याचं प्रतिज्ञापत्र करायला स्टॅम्प पेपर आणा, नोटरी गाठा. ट्रान्स्क्रिप्टच्या, म्हणजे सगळ्या वर्षांच्या एकत्र गुणपत्रिकेच्या, खिडकीवर तीनदा गेले. पहिल्यांदा चलन चुकीचं, दुसऱ्यांदा साहेब रजेवर, तिसऱ्यांदा पाकीट मिळालं, पण चिकटवलेल्या जागेवर शिक्काच नाही. "मॅडम, शिक्का कशाला? आत सगळं बरोबर आहे." अहो, आतलं बरोबर आहे म्हणूनच तर बाहेर शिक्का हवाय!

पण माझं खरं रक्त आटवलं ते शिफारसपत्राने. सर म्हणाले, "तूच लिहून आण, मी सही करतो." आता स्वतःबद्दल 'ही विद्यार्थिनी अत्यंत चिकित्सक आहे' असं लिहिताना काय वाटतं ते लिहिणाऱ्यालाच माहीत. लाज गिळून लिहिलं. तर तिकडच्या विद्यापीठाचं पोर्टल म्हणतं, पत्र प्राध्यापकांनीच अपलोड करायचं, तेही कॉलेजच्या अधिकृत ईमेलवरून. जीमेल चालणार नाही. सरांचा अधिकृत ईमेल आहे! २०१९ साली मिळाला होता. पासवर्ड ज्या क्लार्ककडे होता ते निवृत्त होऊन गावी गेले. मी त्यांचा नंबर मिळवला, फोन केला, पासवर्ड एका जुन्या डायरीतून वाचून घेतला. त्यात मोठा एस की छोटा, यावर आमची दहा मिनिटं चर्चा झाली.

लिंक पाठवून आज नववा दिवस. उद्या रात्री मुदत संपते. पोर्टलवर अजून लाल अक्षरांत 'पत्र मिळालेलं नाही'. सरांच्या व्हॉट्सॲपवर निळ्या टिका आणि खाली उत्तर: "हो बेटा, उद्या टाकतो. कॉलेजचं नेट बंद आहे."

त्यावर हात जोडल्याची इमोजी. ती मी पाठवली. मी!