‘पार्कपासून दहा मिनिटांवर’ आणि ‘शटल फुकट’

आज सकाळी एका मैत्रिणीने अमेरिकेतल्या ऑरलँडोच्या एका हॉटेलचा स्क्रीनशॉट पाठवला. ‘डिस्नी वर्ल्डपासून दहा मिनिटांवर, पार्कला नेणारी शटल बस फुकट, रेट डिस्नीच्या हॉटेलच्या निम्मा. करून टाकू ना बुक?’ सोबत दोन मुलं, धाकटं चार वर्षांचं. आणि तळाशी बारीक अक्षरांत: कर वेगळा, पार्किंग वेगळं, रोजच्या रोज. तेव्हापासून डोकं तापलंय.

अमेरिकेत मे २०२५ पासून रिसॉर्ट फीसारखी (हॉटेल खोलीभाड्यावर वेगळी लावतं ती) सक्तीची फी धरूनच दर दाखवावा लागतो. ते बरं झालं. पण सरकारी कर त्याबाहेर ठेवता येतो, आणि पार्किंगला ‘ऐच्छिक’ म्हटलं की तेही बाहेर. मुलाबाळांना घेऊन गाडीने आलेल्या माणसाला पार्किंग ऐच्छिक कसं काय असतं? वर पार्कवर गाडी लावायचे पैसे वेगळे, तेही दर दिवशी. डिस्नीच्या स्वतःच्या हॉटेलात उतरलात तर हॉटेलचं आणि पार्कचं, दोन्ही पार्किंग फुकट, आणि रिसॉर्ट फी नाहीच. त्यामुळे नुसते दर शेजारी शेजारी ठेवून काही कळत नाही. पैसे भरायच्या शेवटच्या पानावरचा आकडा घ्या, त्यात दोन्हीकडचं पार्किंग मिळवा, मग ताडून बघा. मैत्रिणीचा निम्मा रेट एवढं केल्यावर निम्मा उरला नाही.

पण पैशांपेक्षा मला त्या फुकट शटलचा राग जास्त येतो. ही शटल बहुतेक वेळा अनेक हॉटेलं मिळून चालवतात. सकाळी ठरलेल्या एक-दोन फेऱ्या, रात्री एक-दोन, आणि जागा आधी नोंदवायची. दुपारची फेरी बऱ्याचदा नसतेच. मॅजिक किंगडम या डिस्नीच्या मुख्य पार्कला तर ती गेटपर्यंत जातही नाही. ट्रान्सपोर्टेशन अँड तिकीट सेंटर या पार्कबाहेरच्या थांब्यावर उतरवते, तिथून मोनोरेल नाहीतर बोट पकडायची. रात्री आतषबाजी संपल्यावर हेच सगळं उलट, अख्ख्या गर्दीबरोबर, झोपलेलं मूल खांद्यावर घेऊन. डिस्नीच्या हॉटेलांच्या बस गेटजवळ लागतात. ‘दहा मिनिटं’ हे अंतर गाडीचं असतं, दारापासून दारापर्यंतचं नसतं!

चार वर्षांचं मूल सकाळी आठ ते रात्री दहा पार्कात टिकत नाही. दुपारी ऊन कडक, रांगा लांब, आणि उन्हाळ्यात तर विजांसह पावसाची सर जवळजवळ रोजची. त्या वेळी खोलीवर जाऊन दोन तास झोप काढली तरच संध्याकाळ हाती लागते. म्हणून माझ्या लेखी हॉटेलची पहिली कसोटी एकच: दुपारी एक वाजता मुलाला घेऊन खोलीवर परत येता येतं का? मैत्रिणीच्या हॉटेलवरून येत नव्हतं.

राग तिच्यावर नाही. दोघं किती दिवसांपासून या सहलीसाठी पैसे बाजूला टाकतायत, मला माहीत आहे. कमी खर्चात करायची ही इच्छा अगदी रास्त आहे, आणि तसं करता येतंही.

डिस्नीची व्हॅल्यू हॉटेलं बघा: तीन ऑल-स्टार, पॉप सेंच्युरी आणि आर्ट ऑफ ॲनिमेशन. ऑल-स्टार बहुधा सर्वांत स्वस्त, पण तिथून सगळीकडे बसनेच. थोडे जास्त देऊन पॉप सेंच्युरी परवडलं तर तेच घ्या. तिथून २०१९ पासून स्कायलायनर हा रोपवे आहे, कॅरिबियन बीच या डिस्नीच्याच हॉटेलपाशी बदलून एपकॉट आणि हॉलिवूड स्टुडिओज या दोन पार्कांना जातो. नेहमीच्या मापाचा स्ट्रोलर (बाबागाडी) त्यात न मिटता आत जातो. बसमध्ये तो मिटावाच लागतो, म्हणजे झोपलेल्या मुलाला उठवणं आलं. वीज चमकली की रोपवे थांबतो, मग बस आहेच. आणि पार्क ३० मिनिटं आधी उघडतं ते या स्वस्त हॉटेलांतल्या पाहुण्यांनाही, फक्त महागड्यांनाच नाही.

खोली मात्र नीट बघून घ्या. पॉप सेंच्युरीत चार जण, शिवाय पाळण्यात तीन वर्षांखालचं एक बाळ. दुसरा पलंग भिंतीतून खाली उघडतो, आणि तो उघडला की टेबल गेलं. साध्या खोलीत फ्रिज आहे, मायक्रोवेव्ह नाही. तो फॅमिली स्वीटमध्ये मिळतो. असे सहा जणांचे स्वीट आर्ट ऑफ ॲनिमेशन आणि ऑल-स्टार म्युझिकमध्ये आहेत.

सहा-सात माणसं असतील आणि गाडी भाड्याने घेणारच असाल तर बाहेरचं स्वयंपाकघरवालं हॉटेल स्वस्त पडतं, हे मान्य. पण मग पार्किंग धरून बोला.

ऑरलँडोतल्याच युनिव्हर्सलच्या पार्कांचं गणित वेगळं. ‘तिथल्या हॉटेलात उतरलं की रांगा चुकतात’ हे अर्धंच खरं आहे. फुकट एक्सप्रेस पास (छोट्या, वेगळ्या रांगेचा) मिळतो तो पोर्टोफिनो बे, हार्ड रॉक आणि रॉयल पॅसिफिक या तीन महाग हॉटेलांत, आणि तोही फक्त दोन जुन्या पार्कांसाठी. २०२५ मध्ये उघडलेल्या एपिक युनिव्हर्स या नव्या पार्कसाठी नाही. स्वस्त सर्फसाइड आणि डॉकसाइडमध्ये लवकर प्रवेश मिळतो, पास नाही, आणि पार्किंगचे पैसे तिथेही पडतात.

तरीही बाहेरचंच घ्यायचं असेल तर रद्द करता येणारा दर घ्या, दहा-वीस टक्के जास्त गेले तरी चालेल. बुकिंग झाल्या दिवशीच हॉटेलला ईमेल टाका: शटल कुठल्या पार्कला, किती वाजता, दुपारी परतीची आहे का, शेवटची कधी, जागा कधी नोंदवायची. उत्तर लेखीच मागा. रद्द करायची मुदत संपायच्या आत ते आलं नाही तर सरळ रद्द करा.