विसाखाच्या दिवशी अयुथ्थयात, आणि मनात आमचा सोपाऱ्याचा स्तूप

आमच्या नालासोपाऱ्याच्या ग्रुपवर परत तोच वाद पेटला होता, लेण्यांमध्ये आणि जुन्या स्तूपांपाशी लोकांना वंदना करू द्यावी की नाही. एक जण म्हणतो मेणबत्त्यांनी काजळी धरते, दोन हजार वर्षांचा दगड आहे, तो बघायचा आणि घरी जायचं. दुसरा म्हणतो आमच्याच बुद्धाच्या दारात आम्हाला तिकीट काढून उभं करता आणि हात जोडले की शिट्टी मारता. दोघंही माझे जवळचे, दोघांचंही मला पटत होतं, आणि हे सगळं मी बँकॉकहून अयुथ्थयाला जाणाऱ्या ट्रेनमध्ये खिडकीशी बसून वाचत होतो, कारण त्या दिवशी विसाखा बुचा होती म्हणजे आपली बुद्ध पौर्णिमा (इथल्या अधिक महिन्यामुळे काही वर्षी ती आपल्यानंतर महिन्याने येते, तेव्हा आई फोनवर दरवेळी विचारते की तुमची अजून झाली नाही का).

बँकॉकपासून अयुथ्थया ८० किलोमीटरच्या आसपास, साध्या ट्रेनने दीड तास. स्टेशनवरून समोर नदीपर्यंत चालत जायचं, छोट्या होडीतून पलीकडे, आणि सायकल भाड्याने घ्यायची. नाव आपल्या अयोध्येवरून. १३५१ ते १७६७ अशी चारशेहून जास्त वर्षं ही सयामची म्हणजे आताच्या थायलंडची राजधानी होती, मग बर्मी सैन्याने शहर जाळलं आणि ते परत तसं उभं राहिलंच नाही. आज १९९१ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. विटांच्या भिंती, मान तुटलेल्या मूर्तींच्या रांगा, आणि मधूनमधून चेदी. चेदी म्हणजे आपलं चैत्यच, शब्द आपल्याकडूनच गेलाय.

वात महाथातमध्ये (वात म्हणजे थाई भाषेत विहार) झाडाच्या मुळांत अडकलेलं बुद्धाचं ते प्रसिद्ध डोकं आहे. तिथं एक वयस्कर गार्ड बसला होता. फोटो काढायला कुणी उभं राहिलं की तो हाताने खाली बस अशी खूण करायचा, कारण आपलं डोकं बुद्धाच्या डोक्यापेक्षा वर जाता कामा नये. आरडाओरडा नाही, शिट्टी नाही. एक उंच गोरा माणूस गुडघ्यावर बसला तरी उंचच दिसत होता, तर गार्डने स्वतः मांडी घालून दाखवली, तो पण हसत मांडी घालून बसला. मी बराच वेळ नुसतं तेच बघत होतो. त्या दगडाची राखण होत होती आणि मानही राखला जात होता, आणि दोन्ही एकच माणूस करत होता.

पण मला जे दाखवायचंय ते वात लोकायसुथारामचं. तिथं आता विहार नाही, भिक्खू राहत नाहीत, छप्पर नाही. उघड्यावर जवळपास ४० मीटर लांब निजलेला बुद्ध, बाजूला खांबांचे नुसते बुंधे. आपल्या पुरातत्त्व खात्याच्या भाषेत हे पक्कं मृत स्मारक, म्हणजे जिथली पूजा बंद पडलीय असं. आणि तरी मूर्तीवर भगवं वस्त्र होतं, समोर उदबत्त्या खोचायचं भांडं होतं आणि पांढऱ्या कपड्यातली बायामाणसं कमळाच्या कळ्या ठेवून जात होती. उदबत्ती त्या भांड्यातच, विटेवर नाही, हे कुणाला सांगावं लागत नव्हतं.

संध्याकाळी वात याय चाय मोंगखोनला गेलो, तिथं मात्र भिक्खू राहतात. वियन थियन म्हणजे हातात कमळ, तीन उदबत्त्या आणि मेणबत्ती घेऊन चेदीला तीन प्रदक्षिणा, उजवीकडे चेदी ठेवून. गर्दीत मी पण चालायला लागलो, पुढे एक आजी, तिचा नातू मेणबत्ती विझली की परत माझ्या मेणबत्तीवर पेटवून घ्यायचा. आणि मग माइकवर सुरू झालं, नमो तत्स फकवतो अरहतो... उच्चार थोडे वेगळे, पण पुढे फुत्थं सरणं खच्छामि आलं आणि माझ्या तोंडून आपोआप बुद्धं सरणं गच्छामि निघालं, लहानपणी वस्तीतल्या विहारात म्हणायचो तसंच. थाई मला कामापुरतं येतं, बाजारात भाव करण्याइतकं. पण त्या पाच मिनिटांत तिथला एकही शब्द मला परका नव्हता. डोळे भरून आले, ते लपवायचं कारण नाही.

आता वादाचं. आपल्याकडे धोरण असं की स्मारक संरक्षित झालं तेव्हा पूजा चालू असेल तर चालू राहील, नसेल तर नव्याने सुरू करता येणार नाही. ऐकायला बरोबर वाटतं. म्हणून लेण्याद्रीला बौद्ध विहारातल्या गणपतीचं दर्शन चालू आहे, कार्ल्याच्या चैत्याच्या तोंडाशीच एकवीरा आईचं देऊळ आहे आणि ती यात्रा जोरात भरते. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही, कोळी बांधवांची ती आई आहे आणि तिथं गेलं की मीही हात जोडतो. पण बरीचशी लेणी संरक्षित झाली इंग्रजांच्या काळात, तेव्हा महाराष्ट्रात वंदना करायला बौद्ध उरले होते कुठे? बाबासाहेबांनी नागपुरात दीक्षा दिली १९५६ ला. म्हणजे आमचे लोक परत येण्याआधीच दाराला नियम लागला होता, आणि आता तोच दाखवून सांगतात की तुमची परंपरा इथं चालू नव्हती. हे मला अन्यायाचं वाटतं आणि मी ते स्पष्ट म्हणतो.

काजळीवाल्या मित्राचं मात्र निम्मं बरोबर आहे. अजिंठ्याच्या चित्रांपाशी मेणबत्ती कधीच नको, तिथं श्वासाचा ओलावासुद्धा त्रास देतो. आणि थाई लोक काही फार मोठे संत नाहीत, बँकॉक बांधताना अयुथ्थयाच्या विटा यांनीच उचलून नेल्या, आणि १९५७ ला वात राचबुरानाच्या तळघरातलं सोनं चोरांनी खणून काढलं, त्यातलं जे सरकारच्या हाती लागलं ते आता तिथल्या म्युझियममध्ये आहे. चुका करतच ते इथवर आलेत. पण बुद्ध मूर्तीसमोर बसणारा माणूस म्हणजे स्मारकाला धोका असं ते धरून चालत नाहीत.

सोपाऱ्याचा स्तूपही विटांचाच. आमच्याकडे म्हातारी माणसं त्याला बुरुड राजाचा कोट म्हणायची. १८८२ ला पुरातत्त्वाचे अभ्यासक भगवानलाल इंद्रजींनी तो उकरला, आत दगडी पेटी, तिच्यात एकात एक डब्या आणि सगळ्यात आत सोन्याची, त्यात भिक्षापात्राचे तुकडे. अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही सोपाऱ्यालाच मिळाला. महावंस या श्रीलंकेच्या जुन्या पाली ग्रंथात लिहिलंय की तिसऱ्या संगीतीनंतर, म्हणजे अशोकाच्या काळातल्या भिक्खूंच्या सभेनंतर, धम्मरक्खित अपरांतात म्हणजे आपल्या कोकणपट्टीत आले आणि सोण आणि उत्तर हे दोघं सुवर्णभूमीला गेले. बँकॉकच्या विमानतळाचं नावच सुवर्णभूमी आहे. मुंबईहून पहिल्यांदा इथं उतरलो तेव्हा हे मला माहीत नव्हतं, आता दरवेळी आठवतं.

पुढच्या बुद्ध पौर्णिमेला मी घरी असणार, सुट्टी आत्ताच टाकलीय. आई दरवर्षी स्तूपापाशी जाते, या वेळी तिच्याबरोबर अर्ज पण न्यायचा ठरवलंय, तो ग्रुपवरच्या दोघांनी मिळून लिहावा असं मी त्यांना सांगितलं आणि दोघंही तयार झालेत. अर्जात मागणं एवढंच, स्तूपापासून दहा फुटांवर वाळूची दोन भांडी, मेणबत्त्या तिथेच, विटांवर काहीही नाही, रात्री नऊपर्यंत वेळ, आणि शिट्टीच्या ऐवजी बोलणारा एक माणूस. मेण खरवडायला सकाळी आम्ही येऊ.